परसात टर्फचं छोटं मैदान: आधी पाण्याची वाट, मग गवत

परसात कृत्रिम गवताचं छोटं मैदान करायचं ठरल्यावर मी जे जे वाचून काढलं, त्यात बहुतेक सगळं गवताबद्दलच होतं. रंग कुठला, मऊ किती, हमी किती वर्षांची. आता काम पुरं झाल्यावर सांगते, गवत निवडणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. खरी मेहनत त्याच्या खालच्या थरांत जाते आणि खरी वाट पाहणं परवानगीच्या कागदांत. कुणी याच विचारात असेल तर त्याची धावपळ थोडी वाचावी म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवते.

आमची जागा 13 मीटर लांब, 8 मीटर रुंद. तिन्ही बाजूंनी कुंपणाची भिंत, एका कोपऱ्यात जुनं झाड, आणि दुपारनंतर निम्म्या जागेवर घराची सावली. खरं गवत लावून झालं होतं. सावलीत ते विरळ व्हायचं, आणि जे तग धरायचं ते मुलांच्या पायांखाली जायचं. त्याच सुमाराला ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोमची हकिकत वाचली. 1965 मध्ये सुरू झालेल्या त्या छप्परबंद स्टेडियममध्ये खरं गवत होतं. छताच्या पारदर्शक तावदानांतून इतका झगझगीत उजेड यायचा की उंच उडालेला चेंडू खेळाडूंना दिसेना. म्हणून तावदानं रंगवली. ऊन अडलं आणि गवत मेलं. 1966 मध्ये तिथं कृत्रिम गवत आलं आणि ‘ॲस्ट्रोटर्फ’ हे नाव त्या स्टेडियमवरून रूढ झालं. आमची अडचण तीच होती, फक्त फार लहान मापाची. खऱ्या गवताचा हट्ट सोडायला मला या हकिकतीची मदत झाली.

नमुने मागवण्याआधी घरात एकच प्रश्न सोडवा: कुठला चेंडू खेळायचा? सगळं त्यावर ठरतं. फुटबॉलसाठीच्या गवताचं पातं साधारण 40 ते 60 मिलिमीटर लांब असतं आणि त्यात वाळू नि रबराचे दाणे भरतात. त्यावर टेनिसचा चेंडू नीट उसळत नाही. टेनिससारख्या खेळाला आखूड, दाट आणि वाळू भरलेलं गवत लागतं, पातं 10 ते 20 मिलिमीटरच्या आसपास. बास्केटबॉल खेळायचा असेल तर टर्फचा नाद सोडलेला बरा, चेंडू ड्रिबल होत नाही. बॅडमिंटनला उसळीचा प्रश्नच नाही, पण पूर्ण कोर्ट 13.40 बाय 6.10 मीटरचं होतं आणि वाऱ्यात शटल टिकत नाही.

आमच्याकडे मुलं लहान आहेत, म्हणून छोटं टेनिस आणि मऊ चेंडूचं क्रिकेट हे नक्की केलं. मुलांच्या टेनिसचा लाल चेंडू नेहमीच्या चेंडूपेक्षा सुमारे 75 टक्के मंद असतो, त्यामुळे तो लहान कोर्टात मावतो. तरीही मागच्या रेषेपलीकडे हालचालीला जागा सोडावीच लागते. भिंतीला लागून रेषा आखली तर पहिल्याच आठवड्यात कोपर फुटणार. म्हणून टर्फ 11 बाय 5.5 मीटरचं आणि त्याच्या आत रेषा 8.5 बाय 4.25 मीटरच्या, असं माप धरलं. हे कुठल्याही अधिकृत कोर्टाचं माप नाही, आमच्या जागेचं आहे. क्रिकेटची पूर्ण खेळपट्टी 20.12 मीटर लांब असते, म्हणजे आमच्या वाट्याला जेमतेम अर्धी आली. थ्रो-डाउनच्या सरावाला ती पुरते.

ऑक्टोबरमध्ये पालिकेत चौकशीला गेलो. परसातल्या जमिनीवर गवत अंथरायला परवानगी कशाला, असं मला वाटत होतं. खिडकीवरच्या बाईंनी शांतपणे समजावलं. गवताशी त्यांना देणंघेणं नव्हतं. पावसाचं पाणी जमिनीत मुरणार की वाहून जाणार, वाहणार असेल तर कुठे, जाळीचे खांब किती उंच आणि दिवे लावणार का, एवढंच त्यांना हवं होतं. अर्जासोबत जागेचा मोजमापासह नकाशा, उताराची दिशा दाखवणारं रेखाटन, खांबांचा तपशील आणि लगतच्या शेजाऱ्यांची ना हरकत पत्रं. दिवे आम्ही तिथल्या तिथे रद्द केले. त्यामुळे एक अख्खं परिशिष्ट भरायचं वाचलं आणि शेजाऱ्यांची मोठी शंकाही मिटली. नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात, पण हे प्रश्न कुठेही विचारले जाणारच. उत्तरं कागदावर मांडून जा. नकाशा मी आलेखाच्या कागदावर हातानंच काढला होता आणि तो चालला.

ना हरकत पत्रासाठी शेजारच्या काकूंकडे गेले तेव्हा चेंडू त्यांच्या अंगणात पडण्याबद्दल बोलायची तयारी करून गेले होते. त्यांनी ते बोलूच दिलं नाही. “अगं, चेंडू आला तर मी परत टाकेन. पण तुमचं पाणी माझ्या भिंतीशी येता कामा नये. आधीच ओल धरते ती.” मग आम्ही दोघींनी भिंतीचा तो भाग नीट पाहिला. खालच्या हातभर पट्ट्यात रंगाचे पापुद्रे सुटले होते. उताराची दिशा त्या दिवशी ठरली: त्यांच्या भिंतीपासून लांब, आमच्या घरापासूनही लांब, मागच्या बाजूला. रेखाटन बदलून त्याची एक प्रत काकूंना दिली आणि मगच सही घेतली.

अर्ज देऊन आलो आणि मग नुसतं थांबणं. एकदा कागद परत आला, कारण नकाशावर झाडाचा उल्लेख होता पण खोडाचं माप नव्हतं. झाडाच्या बुंध्याचा जो व्यास, त्याच्या 12 पट त्रिज्येचं वर्तुळ मुळांसाठी राखायचं, असा एक ढोबळ संकेत आहे. आमचा बुंधा सुमारे 25 सेंटिमीटरचा, म्हणजे 3 मीटर. मैदानाचा एक कोपरा त्यात येत होता. तिथे यंत्र लावणार नाही, हातानं आणि उथळ खणू, अंगठ्यापेक्षा जाड मूळ तोडणार नाही, असं लिहून दिलं. याच काळात जमिनीखालच्या वायर आणि नळ्या कुठून जातात ते संबंधित सेवांकडून आखून घेतलं. त्याला पैसे लागले नाहीत, वेळ मात्र लागला, म्हणून ते अर्जासोबतच सुरू करा. मंजुरी जानेवारीत हातात आली.

अंदाजपत्रकं मागवायचं काम मधल्या काळात चाललं होतं. सगळ्यात स्वस्त आकडा ज्यांनी दिला ते माती सपाट करून त्यावर थेट टर्फ अंथरणार होते. “खाली काय कुणाला दिसतंय, ताई?” असं म्हणालेही. मी त्यांना नाही म्हटलं, आणि दर विचारण्याऐवजी प्रत्येकाला चार गोष्टी लेखी मागायला लागले: किती खोल खणणार, खडीचा थर किती, दबाई किती थरांत, पाणी कुठे काढणार. या चारही प्रश्नांची उत्तरं ज्याच्याकडे असतात त्याचा दर आपोआप समजतो. आम्ही ज्यांना काम दिलं ते वयस्कर मुकादम होते. त्यांनी पहिल्या भेटीत गवताचा विषयच काढला नाही. हातभर खोल खड्डा खणला, बादलीभर पाणी ओतलं आणि ते किती वेळात जिरतं ते बघत चहा घेतला. पाणी फार सावकाश उतरलं. चिकणमाती. म्हणजे नुसत्या मुरण्यावर विसंबता येणार नव्हतं, चर आणि नळी लागणार होती.

खर्चाचं सांगते, प्रमाणात. एकूण खर्च शंभर धरला तर खोदाई, माती उचलणं, खडी, दबाई आणि चर यांत निम्म्याहून जास्त गेले. गवताला साधारण पाव भाग. उरलेल्यात वाळू, कडा, जाळी-खांब आणि परवानगीचं शुल्क. म्हणून कुणी गवताचाच दर सांगून खर्चाचा अंदाज देत असेल तर तो धरू नका.

फेब्रुवारीत खोदाई सुरू झाली. चुन्याची फक्की मारून आखणी केली, दोन्ही कर्ण मोजून चौकट काटकोनात आहे ना ते पाहिलं आणि 15 सेंटिमीटर माती काढायला घेतली. ऐकायला हे किती किरकोळ वाटतं! पण 60 चौरस मीटरवर 15 सेंटिमीटर म्हणजे 9 घनमीटर, आणि खणलेली माती फुगते, त्यामुळे प्रत्यक्षात 11-12 घनमीटरचा ढीग. तो घराच्या बाजूच्या अरुंद बोळातून घमेल्यांनी आणि एकचाकी गाड्यांनी बाहेर न्यायचा होता. माती कुठे टाकायची हे खोदाईच्या आधी ठरवा आणि करारात लिहून घ्या. ढीग दारात पडून राहिला की तो आपलाच होतो.

मागच्या कोपऱ्यात फावडं अचानक सहज रुतायला लागलं. जुना खड्डा कुणीतरी कधीतरी राडारोड्यानं बुजवला होता: विटांचे तुकडे, फुटक्या फरशा, पोकळ माती. मुकादमांनी काम थांबवलं. हा भाग तसाच ठेवून वर खडी टाकली असती तर वर्षभरात तिथं खळगा पडला असता. तो सगळा उकरून, खडीनं थराथरानं भरून धुम्मस करून घेतला. खर्च वाढला, वेळ गेला. अंदाजपत्रकात अशा गोष्टींसाठी दहाएक टक्के बाजूला ठेवावेत ते यासाठी. आमचे त्यातच गेले.

खालचा क्रम असा झाला. मातीचा तळही वरच्या उतारालाच घेतला, दर मीटरला 1 सेंटिमीटर. मागच्या कडेला चर, त्यात छिद्रांची नळी, भोवती धुतलेली जाड खडी. सगळ्यावर जिओटेक्सटाइलचं कापड, म्हणजे खालची चिकणमाती खडीत मिसळत नाही. कडेला काँक्रीटची पट्टी आणि जाळी-नेटच्या खांबांसाठी काँक्रीटमध्ये पक्के बसवलेले नळकांडे. खांब काढून ठेवता यावेत म्हणून नळकांड्यांना झाकणं घेतली. हे काम खडीच्या आधीच व्हायला हवं. मग 10 सेंटिमीटर खडी दोन थरांत, प्रत्येक थर ओलसर करून त्यावर प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे हादरे देत दाबणारं यंत्र, फिरवून. एकदम सगळी खडी ओतून वरून दाबली तर वरचा भाग घट्ट होतो आणि खालचा पोकळ राहतो. शेवटी अडीच सेंटिमीटर कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, तीही दाबून.

मला या सगळ्या कामातला सर्वांत आवडलेला तास इथला आहे. मुकादमांनी 3 मीटर लांबीची सरळ ॲल्युमिनियमची पट्टी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “ताई, तुम्हीच बघा. नंतर मला सांगू नका.” पट्टी कचेवर आडवी ठेवायची, डोळा जमिनीला लावायचा आणि खाली उजेड कुठे दिसतो ते शोधायचं. करंगळी आत जाईल इतकी फट दिसली की तिथं चुन्याचा ठिपका. पट्टी उभी, आडवी, तिरपी फिरवत मी अख्खं मैदान ओणव्यानं तपासलं. ठिपके पडले तिथं कच खरवडून किंवा भरून पुन्हा दाबली. 5-6 मिलिमीटरहून मोठी फट ठेवायची नाही, कारण आखूड गवतात खालचा प्रत्येक उंचसखलपणा चेंडूला कळतो. नंतर रबरी नळीनं पाणी सोडून पाहिलं. काकूंनाही बोलावलं. पाणी मागे सरकत चराकडे गेलं, त्यांच्या भिंतीकडचा पट्टा लगेच मोकळा झाला. त्या काही बोलल्या नाहीत, पण बराच वेळ उभ्या होत्या.

गवत आम्ही खरं तर यानंतरच पक्कं केलं आणि ते बरं झालं. पॉलिथिलीनचं, 15 मिलिमीटर पात्याचं. नायलॉन जास्त टिकाऊ आणि महाग, पॉलिप्रॉपिलीन स्वस्त पण कडक. मुलं गुडघ्यांवर पडणार हे धरून आम्ही मधलं घेतलं. रबराचे दाणे भरायचे नाहीत हे आधीच ठरलं होतं. ते बुटांतून, कपड्यांतून आणि पावसाच्या पाण्यातून बाहेर पसरतात. युरोपीय संघानं 2023 मध्ये सूक्ष्म प्लास्टिकवर निर्बंध आणताना मैदानांतल्या अशा दाण्यांची विक्री थांबवायला 8 वर्षांची मुदत दिली, तेही वाचलं होतं. आमच्या पात्याला नुसती वाळू पुरते.

रोल 4 मीटर आणि 2 मीटर रुंदीचे मिळाले. एक-एक घेतला म्हणजे 5.5 मीटरसाठी एकच सांधा आला. दोन्ही एकाच उत्पादन-खेपेचे हवेत असं लेखी घ्या, नाहीतर हिरव्यात फरक पडतो आणि तो दिसत राहतो. दोन्ही पट्ट्यांच्या पात्यांचा कल एकाच दिशेला हवा. रोल उघडून दिवसभर उन्हात पसरून ठेवले, म्हणजे वळ्या सैलावतात.

सांधा कसा करतात ते जवळ बसून पाहिलं. कारखान्याची कड तशीच जोडायची नाही, टाक्यांच्या दोन-तीन ओळी आत पाठीमागून धारदार पात्यानं कापायचं. दोन पट्ट्यांमधलं अंतर गवताच्या टाक्यांच्या दोन ओळींत असतं तेवढंच. खाली सांध्याची पट्टी, तिच्यावर दोन घटक कालवून केलेला गोंद खाचांच्या थापीनं पसरलेला. मग दोघांनी समोरासमोर बसून वीतभर वीतभर कड खाली सोडायची आणि मधे अडकलेलं प्रत्येक पातं बोटानं वर काढायचं. एकही पातं गोंदात दबलं तर तिथे रेघ दिसते. दव असताना किंवा जमीन ओली असताना हे काम करू देऊ नका. आमच्याकडे एका सकाळी ढगाळलं तेव्हा मुकादमांनी माणसं परत पाठवली. मजुरी बुडाली तरी ते बधले नाहीत.

मग वाळू. हिशेब सोपा आहे: 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर थराला साधारण दीड किलो. पात्याची टोकं दोन-तीन मिलिमीटर मोकळी ठेवली तर 12 मिलिमीटर, म्हणजे चौरस मीटरला 18 किलो, आणि आमच्या मैदानाला सुमारे 1,100 किलो. 25 किलोच्या 44 गोण्या. हा आकडा मला आधी कुणीच सांगितला नव्हता. गोल कणांची, धुतलेली, पूर्ण कोरडी सिलिका वाळू हवी. ओली वाळू पात्यांवरच बसते, आत उतरत नाही. थोडी थोडी पसरून कडक ब्रशनं पात्यांच्या उलट दिशेनं झाडायची, पुन्हा पसरायची. कोरडी सिलिका उडते आणि तिची बारीक धूळ फुप्फुसांना घातक असते, म्हणून चांगला मास्क लावा आणि मुलांना त्या दिवशी घरात ठेवा. पांढऱ्या रेषा आम्ही रंगवल्या नाहीत, 5 सेंटिमीटरच्या पांढऱ्या गवताच्या पट्ट्या कापून बसवल्या. वेळ जास्त लागतो, पण त्या पुसत नाहीत.

मार्चअखेर काम झालं. पहिले काही आठवडे चेंडू कमी-जास्त उसळत होता, वाळू बसेपर्यंत असं होतं. थोडी भर घालून पुन्हा ब्रश मारल्यावर उसळी एकसारखी झाली.

आता जे मला मनापासून खटकतं तेही लिहिते. ऊन वाढलं तशी दुपारी टर्फवर अनवाणी पाय ठेववत नाही. कडक उन्हात कृत्रिम गवताचा पृष्ठभाग 60 अंशांच्या पुढे जातो. पाणी मारलं की निवतं, पण थोड्याच वेळापुरतं. आमच्याकडे खेळ सकाळी किंवा सावली आल्यावरच, आणि बूट घालून. घरात लहान बाळ किंवा कुत्रा असेल तर याचा विचार सगळ्यात आधी करा. शिवाय उष्णता परावर्तित करणाऱ्या दुहेरी काचांच्या खिडक्या असतील तर त्यांची तिरीप कुठे पडते ते बघा. तिच्यानं प्लास्टिकची पाती अक्षरशः वितळतात. आम्ही निरनिराळ्या वेळी तिरिपेच्या जागा खडूनं आखून पाहिल्या आणि एका खिडकीला बाहेरून जाळी लावली. आणि एवढी जागा आता मातीची राहिली नाही, तिथं गांडूळ नाही, फुलपाखरू नाही. म्हणून झाडाभोवतीची आणि कडेची सगळी जमीन मोकळी ठेवली, तिथं झुडपं लावली आहेत.

काम पूर्ण झाल्याचा दाखला घ्यायला विसरू नका. आम्ही फोटो, खडीच्या पावत्या आणि चराचं रेखाटन जोडून अर्ज दिला. तपासणीला आलेल्या साहेबांनी खांबांची उंची मोजली आणि नळीचं तोंड कुठे उघडतं ते पाहिलं. दाखला मे महिन्यात मिळाला. खोदाई चालू असताना प्रत्येक थराचे फोटो काढून ठेवले होते ते तिथं फार उपयोगी पडले, कारण वरून आता काहीच दिसत नाही.

देखभालीत आठवड्याला एकदा पाचोळा झाडणं, महिन्यातून एकदा उलट ब्रश, वर्षाला थोडी वाळू आणि पावसाआधी चराचं तोंड साफ करणं एवढं येतं. सावलीच्या कडेला शेवाळ धरतं का ते पाहत राहायचं. गवताचे उरलेले तुकडे फेकू नका. नेटसमोरचा आणि फलंदाज उभा राहतो तो भाग आधी झिजतो, तिथं ठिगळ लावायला त्याच खेपेचा तुकडा लागतो. आमचे तुकडे गुंडाळून माळ्यावर आहेत, त्यांच्यावर पात्यांच्या कलाचा बाण मार्करनं काढून ठेवलाय.